एका आज्ञेची अंमलबजावणी

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी दिलेली आज्ञा पहिल्या झटक्यात कोणी पाळली, असं फक्त एकदाच घडलं. वेळ दुपारी बारा वाजून सात मिनिटं, आणि पाळणारा आमच्या शिक्षण कार्यालयाचा सर्व्हर. एरवी मी शिपायाला "जरा खिडकी लावा" म्हटलं, तर तो आधी बाहेरचं हवामान बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग चहा प्यायला निघून जातो. घरच्या आज्ञांविषयी न बोललेलंच बरं. त्या सर्व्हरने मात्र "का?" म्हणून विचारलं नाही, की "नक्की ना?" म्हणूनही विचारलं नाही. मी म्हटलं बंद हो, तो बंद झाला. त्यानंतरचे सहा तास मी जो घाबरलो, तसा स्वतःच्या लग्नातसुद्धा घाबरलो नव्हतो.

तसा मी मुख्य लिपिक. सर्व्हर माझ्या गळ्यात पडला तो तोंडामुळे. आमचे संगणकवाले बदलून गेले, तेव्हा आमच्या शिक्षणाधिकारी मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, "आता सर्व्हरकडे कोण बघणार?" सगळ्यांनी रीतीप्रमाणे माना खाली घातल्या. मीही घातली. पण घालता घालता शेजारच्या लेखापालांना हळूच म्हणालो, "त्यात काय मोठं? काळ्या खिडकीत चार आज्ञा टाइप करायच्या." मॅडमचं ऐकणं फार चांगलं आहे. संध्याकाळपर्यंत माझ्या हातात आदेश होता.

त्या चार आज्ञा मला ठाऊक होत्या, त्या टेलिफोनकाकांमुळे. हे आमचे शेजारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून यांना कोणीतरी शिकायला लागतं. आधी त्यांनी आमच्या दूधवाल्याला पकडलं होतं. त्याने रस्ता बदलला, मग मी सापडलो. काकांचा पहिला सिद्धांत असा की, माऊस फिरवून काम करणारे सगळे हौशी. "खरा ॲडमिन बोटांनी काम करतो," ते म्हणायचे आणि मी वहीत लिहून घ्यायचो. पिंग म्हणजे समोरचं मशीन जिवंत आहे का, हे बाहेरून हाक मारून बघणं. डीएफ म्हणजे डिस्कवर जागा किती उरली. टॉप म्हणजे आत्ता कोण किती काम करतंय याची चालती यादी. ही सोय माणसांसाठी निघाली तर आमच्या कार्यालयात हाहाकार उडेल. टेल म्हणजे नोंदींचं शेवटचं पान. एसएसएच म्हणजे आपल्या खुर्चीत बसून दूरच्या मशीनच्या आत शिरणं. आणि होस्टनेम म्हणजे आपण आत्ता कोणत्या मशीनमध्ये आहोत, हे मशीनलाच विचारणं.

ही शेवटची आज्ञा मला फारच बावळटपणाची वाटली. आपण कुठे बसलोय हे शहाण्या माणसाला कळत नाही का? ती मी वहीत लिहिली, पण अक्षर बारीक काढलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. शिक्षकांच्या बदल्यांचे अर्ज ऑनलाइन भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचची. आणि त्या अर्ज भरणाऱ्यांत माझी मुलगी होती. ती शिकवते एकशे ऐंशी किलोमीटरवरच्या शाळेत. तिचा नवरा आणि पाच वर्षांची लेक इथे, आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तीन वर्षं हे असंच चाललंय. नात दिवसभर आमच्याकडे असते. रोज संध्याकाळी आई फोनच्या पडद्यावर येते, आणि फोन ठेवला की नात पडदा उलटा करून मागे बघते. हे मला अजिबात बघवत नाही. या वर्षी मुलीच्या विषयाची एकच जागा आमच्या गावात रिकामी झाली होती. अर्ज गेला तर तिलाच मिळणार, अशी ज्येष्ठता होती. नाही गेला, तर आणखी एक वर्ष. मुख्याध्यापकांचा दाखला तिला त्याच दिवशी सकाळी हातात पडला होता आणि मधल्या सुट्टीत ती अर्ज भरणार होती.

म्हणूनच मी सकाळपासून सर्व्हरच्या उशाशी बसलो होतो. सर्व्हर तसा गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या इमारतीत, पुस्तकांच्या गोदामावरच्या कुलूपबंद खोलीत असतो. मी इथून एसएसएचने आत शिरलो होतो. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक माझ्या मशीनची आणि एक सर्व्हरची. दोन्ही सारख्याच काळ्या.

बाराला विजेचा माणूस आला. आमच्या टेबलाखालचा बोर्ड ठिणग्या टाकत होता, तो बदलायचा होता. तो खाली वाकून म्हणाला, "साहेब, तुमचं मशीन बंद करा दोन मिनिटं."

माऊस हातात होता. कोपऱ्यातलं बटण दाबलं असतं, की झालं असतं. पण मी काकांचा शिष्य. मी पाठ ताठ केली, विजेच्या माणसाला दिसेल असा जरा बाजूला सरकलो आणि दहाही बोटांनी टाइप केलं: शटडाऊन नाऊ. एंटर मारतानाचा माझा रुबाब बघण्यासारखा होता, असं मला तेव्हा वाटलं.

पडद्यावर एक ओळ उमटली की, संपर्क तुटला. बाकी काही झालं नाही. पंखा घुं-घुं करतच राहिला.

"साहेब," विजेचा माणूस टेबलाखालून म्हणाला, "चालूच आहे की अजून."

"अरे, चालू कसं असेल? मी आत्ताच तर बंद..."

मग मी पडद्यावरची ती ओळ नीट वाचली. मी ज्या खिडकीत लिहिलं ती माझी नव्हती. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी घाईघाईने दुसऱ्या खिडकीत पिंग केलं. हाक गेली, उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा नाही. पन्नास हाका मारल्या. खाली हिशेब आला: पन्नास पाठवल्या, शून्य पोचल्या.

"बंद करताय ना साहेब?"

"नंतर या," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण बराच बारीक.

मी काकांना फोन लावला. अशा वेळी माणसाला धीर लागतो, काकांकडे फक्त ज्ञान असतं.

"पिंग केलंत?"

"केलं. काही बोलत नाही."

"ट्रेसरूट करा. वाटेत कुठे अडलंय ते कळेल."

केलं. मुक्कामामागून मुक्काम ओलांडत संदेश त्या जुन्या इमारतीच्या दारापर्यंत गेला आणि पुढे ओळीने नुसत्या चांदण्या. "काका, चांदण्या दिसताहेत."

"म्हणजे उत्तर नाही. मग लांबूनच जागं करायचं. वेक-ऑन-लॅन म्हणतात त्याला."

माझ्या जिवात जीव आला. "सांगा, सांगा. लिहून घेतो."

"पण ती सोय आधी चालू करून ठेवावी लागते. ठेवली होतीत का?"

"काका, तुम्ही ती शिकवलीच नाहीत!"

"ती आठव्या धड्यात येते," काका शांतपणे म्हणाले. "आपण सहाव्यावर आहोत." आणि त्यांनी, वेळ आहेच तर, सातवा सुरू केला. मी फोन ठेवला. उभ्या आयुष्यात मी वडीलधाऱ्या माणसाचा फोन असा मध्येच ठेवलेला नाही.

लगेच मुलीचा आला. मधली सुट्टी झाली होती. "बाबा, साइट उघडत नाहीये. तुम्ही तिथेच आहात ना? जरा बघा ना कोणी काय केलंय ते."

"बघतोय बाळा," मी म्हणालो. "चौकशी चालू आहे."

"कोण गाढव बसलाय तिथे सर्व्हरवर?"

यावर बापाने काय उत्तर द्यावं हे कुठल्याच धड्यात येत नाही. मी म्हणालो, "तू जेवून घे."

आता उपाय एकच होता. त्या खोलीत जायचं आणि यंत्राचं बटण दाबायचं. त्याला किल्ली हवी. किल्ली त्याच जुन्या इमारतीतल्या भांडारपालांकडे. मी रिक्षा करून तिथे पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. भांडारपाल खुर्चीत होते, किल्ली त्यांच्या मागे खिळ्यावर होती, आणि आम्हा दोघांच्या मध्ये फक्त एक टेबल होतं.

"किल्ली द्या, फार निकड आहे."

"देतो की भाऊसाहेब. मागणी टाका ऑनलाइन."

"ऑनलाइनच बंद पडलंय! त्यासाठीच तर किल्ली हवी आहे."

"मग कसं करायचं?" त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. गेल्या महिन्याचं परिपत्रक. यापुढे कोणतीही वस्तू, किल्ल्यांसह, कागदी मागणीवर देऊ नये. दिल्यास देणारा व्यक्तिशः जबाबदार राहील. खाली सही माझी होती. मसुदाही माझाच. 'किल्ल्यांसह' ही दोन स्वल्पविरामांतली पाचर तर मी मुद्दाम ठोकली होती आणि त्या दिवशी घरी जाऊन बायकोला वाचूनही दाखवली होती.

"अहो, हे मीच लिहिलंय."

"मग तुम्हाला तर पाठच असेल," भांडारपाल म्हणाले.

मी विनवण्या केल्या. आवाज चढवला. पुन्हा विनवण्या केल्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणसापुढे मी हात जोडले, हे इथे लिहिताना आजही मान खाली जाते. ते हलले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हललो नसतो, आणि हेच मला जास्त लागलं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम स्वतः आल्या आणि समोर उभं राहून म्हणाल्या, तर देतो."

तेवढ्यात घरून फोन वाजला. नात होती. आजीच्या फोनवरून बोलत होती. "आजोबा, आईचा फॉर्म गेला?"

"जाईल हं," मी म्हणालो आणि जिन्याच्या पायरीवर बसलो.

कार्यालयात परतलो तर तिथे निराळीच आग लागली होती. साइट बंद म्हटल्यावर कोणीतरी म्हणालं बिघाड, कोणीतरी म्हणालं घातपात, आणि दोन वाजेपर्यंत सगळ्या शाळांच्या ग्रुपवर परदेशी टोळीने आपल्या सर्व्हरवर हल्ला केल्याचं पक्कं झालं होतं. टोळीत किती माणसं आहेत, यावर मतभेद होते. आकडा चौदाच्या खाली मात्र कोणी येत नव्हतं. लेखापाल मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, फार पोचलेली टोळी आहे. काही मागे ठेवलं नाही त्यांनी." मी नुसती मान हलवली. चौदा जणांचं काम आपण एकट्याने केलं याचा अभिमान वाटण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

मॅडम फोन हातात घेऊन उभ्या होत्या. "बरं झालं आलात. पोलिसांकडे तक्रार द्यायची आहे. तज्ज्ञ म्हणून तुमचं नाव टाकते. आत शेवटचं कोण शिरलं होतं, ते सांगता येईल ना तुम्हाला?"

माझ्या डोळ्यांसमोर काय काय उभं राहिलं! पोलीस, पंचनामा, विजेच्या माणसाची साक्ष: "होय साहेब, हाच माणूस. चांगला ताठ बसून टाइप करत होता." मी घाईघाईने म्हणालो, "मॅडम, आधी मशीन बघू. नुसतं बंद असेल तर चालू करू. तक्रार काय, नंतरही देता येते."

मॅडमना ते पटलं. त्या स्वतः आल्या, समोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या. भांडारपालांनी किल्ली दिली, पण त्याआधी घड्याळ बघून वेळ लिहून घेतली: तीन वाजून पंचवीस मिनिटं.

खोलीत धुळीचा वास होता. कोपऱ्यातल्या लोखंडी मांडणीवर सर्व्हर गप्प पडला होता, एकही दिवा नाही. इतक्या महिन्यांचा आमचा संबंध, पण समोरासमोर भेट पहिलीच. मी मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली आणि बटण दाबलं. पंखे असे काही ओरडून उठले की मॅडम दोन पावलं मागे सरल्या आणि मी त्यांच्याही मागे. पडदा उजळला. सहाशे अकरा दिवस डिस्कची तपासणी झालेली नाही, ती आता सक्तीने होईल, असं तो म्हणाला आणि लगेच आकडे दाखवायला लागला. एक टक्का. दोन टक्के.

डिस्कची तपासणी बघत बसणं म्हणजे काय ते सांगता येणार नाही. चाळीस टक्क्यांवर ती अकरा मिनिटं अडली. मला वाटलं, सगळं गेलं. तीन वर्षांचे अर्ज, सगळ्या शाळांच्या नोंदी, माझी नोकरी, पेन्शन, आणि त्या चिमुरडीची आई. मॅडम स्टुलावर बसून विचारत होत्या, "हे नॉर्मल आहे ना?" आणि मी दर वेळी "हो, हो" म्हणत होतो. नॉर्मल काय आणि काय नाही, ते बहुधा नवव्या धड्यात असावं.

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी साइट उघडली. मी मुलीला फोन केला, "भर, लवकर भर!" पण दुपारपासून ताटकळलेली सगळी माणसं एकदमच आत घुसली होती. मी टॉप लावून बघत होतो. आकडे लाल होऊन वर वर चढत होते आणि सर्व्हर धापा टाकत होता. फोन कानाला होता. पलीकडे मुलगी एकेक पान सांगत होती. दुसरं पान गेलं. तिसरं गेलं. दाखला चढतोय. चढतोय. चढतोय, बाबा.

घड्याळात पाच वाजले होते.

"मुदत संपली असं दाखवतंय," ती म्हणाली. "जाऊ दे बाबा. तुम्ही दिवसभर धडपडलात ना माझ्यासाठी. पुढच्या वर्षी बघू."

एवढी मोठी शिवी मला आजवर कोणी दिलेली नाही.

अडकलेले अर्ज एकूण दोनशे सहा होते. मॅडमनी वरच्या कार्यालयाला फोन केला. उत्तर आलं: मुदत एक दिवस वाढवता येईल, पण बिघाडाचं निश्चित कारण, जबाबदार माणसाच्या सहीने, सहाच्या आत पोचलं पाहिजे. कारण अज्ञात असेल, तर रीतसर चौकशी होईल आणि मुदतवाढीचा विचार चौकशीनंतर. आणि आमच्याकडे चौकशी सुरू झालेली सगळ्यांनी पाहिली आहे, संपलेली कोणी पाहिलेली नाही.

"कारण काय ते तुम्हीच शोधा," मॅडम म्हणाल्या. "साडेपाचपर्यंत द्या मला."

मी कार्यालयात परतलो आणि एकटाच काळ्या खिडकीसमोर बसलो. या वेळी आधी होस्टनेम विचारलं. सर्व्हरच होता. मग टेल. नोंदींचं शेवटचं पान उलगडलं: बारा वाजून सात मिनिटं, माझं नाव, आज्ञा बंद करण्याची. लपवाछपवी नाही, सभ्यता नाही. ही ओळ पुसायची कशी, हेही मला येत होतं. काकांनी ते चौथ्या धड्यातच शिकवलं होतं, एका निराळ्या संदर्भात. ती पुसली असती आणि 'कारण अज्ञात' लिहिलं असतं, तर निवृत्तीपर्यंतचे माझे उरलेले आठ महिने निवांत गेले असते. नाही पुसली, तर सेवापुस्तकात लाल शेरा. शिवाय लोक म्हणणार, मुलीला मुदत मिळावी म्हणून यानेच मुद्दाम बंद केलं. मी फार घाबरलो होतो, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

मी घरी फोन लावला आणि बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, लिहून टाका," ती म्हणाली. "फाशी तर देत नाहीत ना?"

"सेवापुस्तकात लाल शेरा येईल. कायमचा."

"ते पुस्तक वाचतंय कोण? मी तर वाचणार नाही."

मी लिहिलं. एकतीस वर्षांत मी शेकडो टिपण्या लिहिल्या, त्या सगळ्यांत कामं आपोआप होतात: 'आढळून आले', 'करण्यात आले', 'राहून गेले'. कोणी केलं ते कधी येत नाही. तीच तर आमची कला. या एका कागदावर मात्र मी लिहिलं: 'मी माझे मशीन बंद करत आहे असे समजून सर्व्हर बंद केला. चूक माझी आहे.' सही केली, ती नीट उमटली नाही, म्हणून खाली पुन्हा एकदा केली.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "तुमच्या मुलीचाही अर्ज अडकलाय ना यात? लोक काय म्हणतील, विचार केलात?"

"केला," मी म्हणालो. "म्हणू देत."

कागद सहाला पाच कमी असताना गेला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मुदतवाढ निघाली. अकरा वाजता माझ्या टेबलावर 'कारणे दाखवा' नोटीस आली. कारण आधीच दाखवून झालं होतं, तरी रीत म्हणून पुन्हा दाखवायचं होतं. लेखापाल माझ्या बाजूने जाताना हसू दाबत होते. चौदा माणसांची टोळी एका माणसावर आली, याचं त्यांना बहुतेक वाईट वाटलं असावं.

साडेबाराला मुलीचा फोन आला. "गेला बाबा अर्ज. नंबर पण आला."

मी डोळे पुसले. पूर्ण हुंदका मात्र येऊ दिला नाही, समोर शिपाई उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, "मुदतवाढीचं पत्र सगळ्या शाळांत आलंय. त्यात बिघाडाचं कारण जसंच्या तसं छापलंय. खाली तुमचं नाव, हुद्द्यासकट."

कालपासून ज्या एका माणसाला हे कळू नये असं वाटत होतं, तिने ते छापील वाचलं होतं. "शिक्षक खोलीत काय म्हणताहेत सगळे?"

"शिव्या घालताहेत. पत्र यायच्या आधी मीही घातल्या होत्या. चांगल्या चार-पाच."

"मग?"

"मग मुख्याध्यापक म्हणाले, असल्या माणसाचं करायचं तरी काय? मी म्हटलं, सर, तुम्ही कोणी काही करू नका. त्याच माणसाकडे परत राहायला जाता यावं, म्हणूनच तर हा अर्ज भरलाय मी."